शिरूरची छावणी आणि एक आयरिश किताब

मराठेशाहीचा शेवट घडवणाऱ्या दोन गव्हर्नर जनरलांपैकी एकही जन्माने इंग्लंडमधील पहिल्या प्रतीचा उमराव नव्हता. दोघांकडेही वडिलांकडून आलेला किताब होता तो आयर्लंडचा. या किताबाला मान होता. पण लंडनच्या उमराव सभेत त्याला आसन नव्हते. अशाच एका घराण्याची ही हकीकत. तिचा एक धागा थेट घोडनदीच्या काठी येऊन पोहोचतो.

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे जाताना जिल्ह्याची हद्द संपण्यापूर्वी शिरूर लागते. जुनी मंडळी या गावाला आजही घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. त्या छावणीची आठवण सांगणारी एक कबर येथे आहे. ती कर्नल विल्यम वॉलेस याची. वॉलेस १८०९ मध्ये शिरूर येथे वारला. पुढे आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरवले. सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला वाटा त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून येत असे, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आहे.

वॉलेसला येथे आणले ते ऑर्थर वेलस्ली या सेनापतीने. ऑर्थरला पुण्याच्या मोहिमेवर धाडले ते कलकत्त्यात बसलेल्या त्याच्या थोरल्या भावाने, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने. आणि या दोघा भावांना हिंदुस्थानात आणण्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत आयर्लंडमधील एका कर्जबाजारी उमराव घराण्याची अडचण हेही एक कारण होते.

वतन आणि किताब

उमरावपद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जमीन येते. तसे होणे स्वाभाविकच आहे. शिरूर आणि दौंड या भीमेच्या दोन तीरांवरील तालुक्यांचीच उदाहरणे घेऊ. दौंडचा परिसर पूर्वी भीमथडीत मोडत असे. भीमथडीचे तट्टू मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेले होते. याच तालुक्यातील हिंगणी बेर्डी येथील पाटीलकी भोसले घराण्याकडे होती, असे परंपरा सांगते. छत्रपतींच्या घराण्याची ओळख किताबापासून सुरू होत नाही. ती गावाच्या पाटीलकीपासून सुरू होते. शिरूर तालुक्यातील मलठणचे नाव पवार घराण्याशी जोडलेले आहे. या घराण्याला ‘विश्वासराव’ हा किताब होता. माळव्यात मराठ्यांचा पाय रोवणाऱ्यांत उदाजी पवार अग्रेसर होते. त्यांच्याच घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी देवासची वाटणी करून घेतली. त्यातूनच देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली आणि ती १९४८ पर्यंत नांदली.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, आपल्याकडे किताब हा बहुधा वतनाचा, सरंजामाचा किंवा पराक्रमाचा अलंकार असे. पोट भरत असे ते वतनावर. दुसरी म्हणजे, वतनाची वाटणी होत असे. भाऊ वेगळे झाले की पाती पडत. धाकट्याला कमी मिळाले तरी काही ना काही मिळे. त्या वाटणीपायी भाऊबंदकी माजे, तंटे पेशव्यांच्या दरबारापर्यंत जात, हा भाग वेगळा. पण धाकटा अगदीच उघड्यावर पडत नसे.

इंग्लंड आणि आयर्लंडमधील रीत नेमकी याच्या उलट. तेथे उमरावपद अविभाज्य. बाप वारला की किताब सगळाच्या सगळा थोरल्या मुलाकडे जातो. त्याबरोबरची जमीनही बहुधा त्याच्याकडेच. धाकट्यांच्या नावामागे आदरार्थी उपपद लागते, पण ताटात फारसे काही पडत नाही. मग त्यांनी सैन्यात जावे, चर्चमध्ये जावे, वकिली करावी किंवा श्रीमंत घरची मुलगी पाहावी. अठराव्या शतकात या यादीत आणखी एका वाटेची भर पडली. ती वाट हिंदुस्थानची होती.

आयर्लंडचे उमराव म्हणजे कोण?

ब्रिटिश उमरावपदांच्या पाच पायऱ्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. पण या उतरंडीखेरीज आणखी एक वर्गवारी आहे, तिची माहिती आपल्याकडे सहसा नसते. किताब कोणत्या राज्याचा, हेही पाहावे लागते. इंग्लंडचा, स्कॉटलंडचा, १७०७ नंतरचा ग्रेट ब्रिटनचा, आयर्लंडचा की १८०१ नंतरचा संयुक्त राज्याचा? दोघे अर्ल समोरासमोर उभे राहिले तरी त्यांचे वजन सारखे असेलच असे नाही.

आयर्लंडला १८०० पर्यंत स्वतःची पार्लमेंट होती. तिची उमराव सभा डब्लिनमध्ये भरे. आयर्लंडचा उमराव तेथे बसे. लंडनच्या उमराव सभेत मात्र केवळ आयरिश किताबाच्या बळावर त्याला पाऊल टाकता येत नसे. त्यामुळे राजाला आणि त्याच्या प्रधानांना हा किताब फार सोयीचा झाला. एखाद्याला खूश तर करायचे आहे, पण लंडनच्या उमराव सभेत आणखी एक खुर्ची वाढवायची नाही, अशा वेळी आयरिश उमरावपद द्यावे. आयर्लंडशी काडीचाही संबंध नसलेल्या कितीतरी इंग्रजांना असे किताब मिळाले.

हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेल्यांसाठी तर हा किताब जणू ठेवणीतला होता. प्लासीच्या लढाईनंतर रॉबर्ट क्लाइव्हला १७६२ मध्ये उमरावपद मिळाले, ते आयर्लंडमधील बॅरनचे. किताबाला साजेशी जमीन हवी म्हणून त्याने आयर्लंडमध्ये जमीन घेतली आणि लिमेरिक शहराजवळच्या भागाला ‘प्लासी’ असे नाव दिले. बंगालमधील एका गावाचे नाव अशा रीतीने आयर्लंडच्या नकाशावर गेले. आयरिश उमराव असल्यामुळे क्लाइव्हला लंडनच्या उमराव सभेत आसन मिळाले नाही. पण त्यामुळेच तो कॉमन्स सभेचा सभासद राहू शकला. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट आणि गव्हर्नर जनरल जॉन शोअर यांनाही आयरिश बॅरनपदेच मिळाली.

डॅनगनचे वेस्ली

वेलस्ली घराण्याचे मूळ आडनाव वेलस्ली नव्हे. डब्लिनच्या वायव्येस मीथ परगण्यात डॅनगन नावाची जमीनदारी होती. तिचा मालक गॅरेट वेस्ली निपुत्रिक होता. १७२८ मध्ये ती जमीनदारी त्याच्या नात्यातील रिचर्ड कॉली याच्याकडे आली आणि त्याने वेस्ली हे आडनाव धारण केले. दत्तकविधान आपल्याला नवे नाही. वतनासाठी नाव बदलणे ही गोष्टही आपण सहज समजू शकतो. या रिचर्डला १७४६ मध्ये आयर्लंडचा बॅरन मॉर्निंग्टन हा किताब मिळाला. त्याचा मुलगा गॅरेट याला १७६० मध्ये बढती मिळून तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला.

हा गॅरेट रसिक माणूस होता. तो व्हायोलिन वाजवी, संगीतरचना करी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे अध्यासन निर्माण झाले तेव्हा पहिला प्राध्यापक तोच. पण संगीतात रमलेल्या या अर्लचे हिशेबाकडे लक्ष नव्हते. १७८१ मध्ये तो वारला तेव्हा मागे किताब होता, पाच मुलगे होते आणि कर्जाचा बोजा होता.

थोरला रिचर्ड एकविसाव्या वर्षी दुसरा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला. बुद्धीने तल्लख, ग्रीक-लॅटिनचा व्यासंगी आणि स्वतःच्या योग्यतेविषयी तिळमात्र शंका नसलेला असा हा तरुण होता. डब्लिनच्या उमराव सभेत त्याला आसन होते. पण त्याची नजर लंडनवर होती. तेथे तो कॉमन्स सभेत निवडून गेला. वेस्ली हे नाव त्याला साधे वाटले असावे. त्याने वेलस्ली हे जुने रूप पुन्हा वापरात आणले. कर्जापायी १७९३ च्या सुमारास डॅनगनची जमीनदारी विकली गेली. किताब राहिला, जमीन गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर पाटीलकीचा मान राहिला आणि शेत सावकाराकडे गेले.

ऑर्थर हा हयात भावांपैकी तिसरा. पैशाची ओढाताण असल्यामुळे त्याचे ईटनच्या शाळेतील शिक्षण आवरते घ्यावे लागले. १७८७ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. पुढे त्याने लाँगफर्ड या दुसऱ्या आयरिश उमराव घराण्यातील किटी पाकनम हिला मागणी घातली. धाकटा मुलगा, मिळकत नाही, भवितव्य नाही, म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला. वडिलांकडून त्याने व्हायोलिन वादन घेतले होते. १७९३ मध्ये त्याने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पुन्हा कधी वाजवली नाहीत, असे सांगतात. १७९७ च्या फेब्रुवारीत हा सत्तावीस वर्षांचा कर्नल कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला. तिसरा भाऊ हेन्री त्याचा खासगी चिटणीस म्हणून बरोबर होता. ज्येष्ठाच्या हाती सत्ता आणि कनिष्ठांच्या हाती तलवार व लेखणी, अशी या घराण्याची घडी हिंदुस्थानात बसली.

सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा

हिंदुस्थानला निघण्यापूर्वी, १७९७ मध्ये, रिचर्डला ग्रेट ब्रिटनचे बॅरनपद मिळाले होते. त्यामुळे लंडनच्या उमराव सभेचे दार त्याच्यासाठी उघडले होते. मात्र सर्वांत खालच्या पायरीवर. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान लढताना मारला गेला. इंग्लंडमध्ये आनंदोत्सव झाला. एवढ्या मोठ्या विजयाचे बक्षीस म्हणून इंग्लंडमधील मोठे उमरावपद आणि शक्य झाल्यास मानाचे गार्टर पदक मिळेल, अशी रिचर्डची अपेक्षा होती.

डिसेंबर १७९९ मध्ये त्याला मार्क्विस करण्यात आले. अर्लपेक्षा एक पायरी वर. पण किताब होता आयर्लंडचा! ही बातमी १८०० मध्ये कलकत्त्यास पोहोचली तेव्हा गव्हर्नर जनरलचा संताप अनावर झाला. पंतप्रधान पिट याला त्याने लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या नव्या किताबाला त्याने सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटले. बटाटा हे आयर्लंडच्या गरिबाचे अन्न. त्यावर कितीही सोने चढवले तरी आत बटाटाच, असा त्या शब्दांचा डंख होता. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने आयर्लंडच्या किताबाची अशी संभावना करावी, यातच या वर्गाची मनोवृत्ती दिसते. आयरिश जमिनीवर वाढलेले, प्रॉटेस्टंट पंथाचे हे घराणे कॅथलिक बहुसंख्य आयर्लंडवर राज्य करणाऱ्या अल्पसंख्य वर्गातील होते. डब्लिनमध्ये ते सत्ताधारी, आणि लंडनमध्ये मात्र ‘आयर्लंडहून आलेले’.

या अपमानाने रिचर्ड आजारी पडला, अंथरुणाला खिळला. कंपनीने त्याला वीस वर्षे दरसाल पाच हजार पौंडांचे वर्षासन दिले, तरी त्याने त्याचे समाधान झाले नाही. त्यानंतरचे त्याचे धोरण अधिकच आक्रमक झाले, यात शंका नाही. अर्थात त्याची कारणे केवळ दुखावलेल्या मानात शोधणे बरोबर होणार नाही. फ्रान्सशी चाललेले युद्ध, महादजी शिंद्यांच्या वेळेपासून उभ्या असलेल्या आणि फ्रेंच सेनानी पेराँ याच्या हाताखालील कवायती पलटणींचा धाक, कंपनीचा वाढता व्यापार, ही कारणे अधिक वजनाची आहेत. पण राजकारण माणसेच करतात. ज्याला आपल्या मोलाचे माप कमी पडले असे वाटते, तो पुढचा विजय आणखी मोठा असावा अशी आस धरतो.

याच काळातील त्याचे एक काम मात्र मराठी वाचकाने विसरू नये. १८०० मध्ये त्याने कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कंपनीच्या नोकरांना देशी भाषा शिकवण्यासाठी ते होते. तेथे विल्यम केरी मराठी शिकवू लागला, आणि त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापून निघाला. राज्य घ्यायचे तर भाषा हवी, हा हिशेब त्यामागे होता. पण मराठी मुद्रणाच्या इतिहासात ही पाने महत्त्वाची ठरली.

धाकटा भाऊ पुण्यात

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. कमीत कमी सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्याने कायमची ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, असे ठरले. मराठी राज्याचे स्वातंत्र्य त्या दिवशी कागदावर संपले, असे म्हणणे चूक ठरणार नाही.

बाजीरावाला गादीवर परत बसवण्याची कामगिरी ऑर्थर वेलस्लीकडे आली. तुंगभद्रेकाठच्या हरिहरहून मार्च १८०३ मध्ये तो निघाला. वाटेत दक्षिणेतील मराठे सरदार त्याला येऊन मिळाले. त्यांत बापू गोखलेही होते. पंधरा वर्षांनी इंग्रजांशी लढताना आष्टीच्या रणांगणावर जे पडले, तेच हे बापू. पुणे जाळले जाणार अशी वार्ता आल्याने ऑर्थरने घोडदळासह शेवटची साठ मैलांची मजल सुमारे बत्तीस तासांत मारली आणि २० एप्रिल रोजी तो पुण्यात पोहोचला. बाजीराव १३ मे रोजी परतला.

पुढचा घटनाक्रम शालेय पुस्तकांमुळे परिचित आहे. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. वर्ष संपण्यापूर्वी भोसले आणि शिंदे या दोघांनी तह केले. ७४ व्या हायलँडर पलटणीचा विल्यम वॉलेस या मोहिमेत ऑर्थरचा विश्वासू सहकारी होता. असईला तो एका ब्रिगेडचा प्रमुख होता. पुढच्या वर्षी चांदवड आणि गाळणा हे होळकरांचे किल्ले त्यानेच घेतले.

तैनाती फौजेचे ठाणे शिरूरला पडले. जागेची निवड विचारपूर्वक होती. पुणे आणि अहमदनगर या दोन्ही ठिकाणांना जोडणारा रस्ता, घोडनदीचे पाणी, आणि पेशव्याच्या राजधानीपासून एवढे अंतर की फौज दिसू नये, पण हाक मारताच पोहोचावी. तैनाती फौजेचे सारे मर्म या अंतरात आहे. वाड्याच्या दारात पहारा बसला तर तो लोकांना खुपतो. दोन मजलांवर बसवला की धन्याला आपण अजून धनी आहोत असे वाटत राहते.

ऑर्थर १८०५ मध्ये मायदेशी परतला. गाठीला सुमारे ४२ हजार पौंड जमले होते. किटी पाकनमच्या घरच्यांची हरकत आता उरली नाही. १८०६ मध्ये डब्लिनमध्ये त्यांचे लग्न झाले. धाकट्या मुलाला आयर्लंडने जे नाकारले, ते त्याने दख्खनमधून कमावून नेले. आमच्याकडे त्याच वर्षांत शेते ओस पडली होती. १८०३ आणि १८०४ च्या दुष्काळाने आणि फौजांच्या येण्याजाण्याने पुणे-नगरचा मुलूख होरपळून निघाला होता. एका घराण्याच्या उत्कर्षाच्या जमाखर्चात ही दुसरी बाजू मांडावीच लागते.

दुसरा आयरिश अर्ल

रिचर्डने सुरू केलेले काम संपवले ते आणखी एका आयरिश अर्लने. १८१३ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेला लॉर्ड मॉयरा हा वडिलांकडून आलेल्या आयर्लंडच्या अर्लपदाचा धनी होता. त्याला इंग्लंडकडचे मोठे पद हवे होते आणि नेपाळ युद्धानंतर, १८१७ मध्ये, ते मिळाले. तो मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला. संयुक्त राज्याचा मार्क्विस, बटाटा नव्हे.

त्याच वर्षी बाजीरावाशी युद्ध पेटले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटन सुमारे आठशे सैनिकांसह पुण्याच्या मदतीला निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठच्या कोरेगावी पेशव्याच्या मोठ्या फौजेशी त्याची गाठ पडली. वेलस्लीच्या मोहिमेनंतर दोन मजलांवर ठेवलेला पहारा चौदा वर्षांनी हाकेला धावला तो असा. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला.

किताबांचे पुढे काय झाले?

१ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची पार्लमेंट ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली. डब्लिनची उमराव सभा बंद पडली. आयर्लंडच्या उमरावांनी आपल्यातून २८ प्रतिनिधी तहहयात निवडून लंडनच्या उमराव सभेत धाडावेत, अशी तरतूद झाली. नवी आयरिश उमरावपदे देण्यावरही बंधन आले. तीन जुनी पदे खुंटल्याशिवाय एक नवे द्यायचे नाही. १९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर प्रतिनिधींची निवड थांबली. निवडून आलेल्यांपैकी शेवटचा प्रतिनिधी १९६१ मध्ये वारला आणि ही व्यवस्था संपली.

आयर्लंडच्या उमरावपदांचा शेवटही हिंदुस्थानशीच जोडलेला आहे. अगदी शेवटचे आयरिश उमरावपद १८९८ मध्ये दिले गेले ते जॉर्ज कर्झन याला, व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानला निघण्यापूर्वी. रिचर्ड वेलस्लीला ज्या कारणासाठी हा किताब नकोसा वाटला, नेमक्या त्याच कारणासाठी कर्झनला तो हवा होता. आयरिश उमराव राहिल्यास परतल्यावर कॉमन्स सभेत निवडून जाण्याची वाट मोकळी राहणार होती. प्रत्यक्षात तो १९०८ मध्ये आयर्लंडचा प्रतिनिधी म्हणून उमराव सभेतच गेला. मुलगा नसल्यामुळे १९२५ मध्ये त्याच्याबरोबर तो किताबही गेला.

वेलस्लींच्या किताबांची गत पाहण्यासारखी आहे. रिचर्डला १८०५ मध्ये हिंदुस्थानातून परत बोलावण्यात आले. युद्धांचा खर्च कंपनीला पेलवेना. पुढे तो परराष्ट्रमंत्री झाला, आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट म्हणजे राजप्रतिनिधी झाला. पण पंतप्रधान झाला नाही. पंतप्रधान झाला तो धाकटा भाऊ. मिळकत नाही म्हणून ज्याची मागणी नाकारली गेली होती, तो ऑर्थर १८०९ मध्ये व्हायकाउंट, १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८१५ मध्ये वॉटर्लूचा विजेता आणि १८२८ मध्ये पंतप्रधान झाला. थोरल्याने जन्मभर ज्या पायऱ्या मोजल्या, त्या धाकट्याने पाच वर्षांत ओलांडल्या.

रिचर्डला अनेक मुले होती. पण ती लग्नापूर्वीची. कायद्याने त्यांना किताब मिळू शकत नव्हता. आपल्याकडे असा प्रसंग आला असता तर दत्तक घेऊन गादी चालवली गेली असती. इंग्रजी उमरावपदाला दत्तक चालत नाही. गंमत अशी की, जमिनीसाठी नाव बदलून घेता येते, पण किताबासाठी मुलगा घेता येत नाही. त्यामुळे १८४२ मध्ये रिचर्ड वारला आणि मार्क्विस वेलस्ली हा किताब संपला. अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हे जुने पद दुसऱ्या भावाकडे आणि त्याच्या वंशाकडे गेले. त्या शाखेने बाकीची मालमत्ता उधळली. १८६३ मध्ये ती शाखाही खुंटली आणि संगीतकार बापाचा तो आयरिश किताब वेलिंग्टनच्या ड्यूकच्या घरात जाऊन विसावला. आज तो तेथे ड्यूकच्या मुख्य किताबाखालचा एक जोडकिताब म्हणून आहे. घराण्यातील वारसाच्या वारसाला सौजन्याने त्या नावाने हाक मारतात. मॉयराचे अर्लपद आणि हेस्टिंग्जचे मार्क्विसपद १८६८ मध्ये निर्वंश झाले. डॅनगनचे घर जळून पडझड होऊन उरले.

लोकांनी दिलेला किताब

पुन्हा शिरूरला येऊ. कर्नल वॉलेस उमराव नव्हता. त्याच्या नावामागे बॅरन नव्हते की अर्ल नव्हते. शिवाय तो या मुलखावर चालून आलेल्या फौजेचा अधिकारी होता, हेही विसरता येत नाही. तरीही त्याच्या मरणानंतर ज्यांच्या शेतांवरून त्याची फौज गेली होती, त्याच माणसांनी त्याला सत्पुरुष म्हटले. नव्या पिकाची पहिली मूठ त्याच्या कबरीपुढे ठेवली. त्यामागे भक्ती किती, भीती किती आणि त्याच्या वागणुकीची आठवण किती, याचा निवाडा आज करता येणार नाही. ग्रामदैवतांच्या जगात ही तिन्ही एकत्रच नांदतात.

पण एक फरक स्पष्ट दिसतो. राजाने दिलेल्या किताबाला वारस लागतो, आसन लागते, पायरी लागते. वारस खुंटला की तो जातो, सभा बंद झाली की पोकळ होतो, आणि मिळालेल्या माणसालाच तो कधी कधी मुलामा दिलेल्या बटाट्यासारखा वाटतो. मलठणच्या पवारांचा विश्वासराव काय, मॉर्निंग्टनचा अर्ल काय, दोन्ही किताब आज इतिहासाच्या पुस्तकात शेजारी शेजारी बसू शकतात. घोडनदीच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या किताबाला मात्र वारसाची गरज पडली नाही. कोणाला मान द्यायचा, हे त्यांनी कलकत्त्याला किंवा लंडनला विचारून ठरवले नव्हते.